बनावट नग्न छायाचित्रांची तक्रार ठाण्याने 'बदनामी' म्हणून अदखलपात्र नोंदवली. आता पुढे काय करावे?

थोरला_भाऊ

नमस्कार. हा प्रश्न मी धाकट्या बहिणीच्या परवानगीने विचारतो आहे. खालचा सगळा मजकूर तिने वाचला आहे आणि गाव, जिल्हा किंवा महाविद्यालय ओळखता येईल असे काही येऊ नये, एवढीच तिची अट आहे.

बहीण २३ वर्षांची असून बी. एड. करते. एका अनोळखी इन्स्टाग्राम खात्यावरून तिला सारखे संदेश येऊ लागले. 'मला संदेश पाठवू नका' असे तिने दोनदा स्पष्ट कळवले आणि मग ते खाते ब्लॉक केले. त्यावर दुसऱ्या खात्यावरून 'ब्लॉक केलेस ना, आता गावात तोंड दाखवता येणार नाही' असा संदेश आला. चौथ्या दिवशी टेलिग्रामच्या एका चॅनेलवर तिची म्हणून तीन नग्न छायाचित्रे आणि शरीरसंबंध दाखवणारी नऊ सेकंदांची एक चित्रफीत टाकण्यात आली, आणि तिथून ती आमच्या गावातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात पोहोचली.

यातले काहीही खरे नाही. चेहरा मात्र तिचाच आहे आणि तो कुठून उचलला हेही आम्हाला कळले आहे. मागच्या वैशाखात मामेबहिणीच्या लग्नात काढलेल्या फोटोत तिची नथ जराशी वर सरकली होती. बनावट चित्रात नथ पुसली आहे, पण मोत्यांची सावली वरच्या ओठावर तशीच राहिली आहे. ही खूण पहिल्यांदा आईच्या लक्षात आली.

आम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, पण शेवटी 'फोटो खोटा आहे असे तुम्हीच म्हणता, म्हणजे ही बदनामी झाली, आणि बदनामी अदखलपात्र असते' असे सांगून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत) हातात दिली आणि न्यायालयात जा म्हणाले. फोटो खोटा आहे म्हणून गुन्हा लहान होतो का? ही चित्रे इंटरनेटवरून उतरवायची कशी, आणि ती मागणी भाऊ म्हणून मी करू शकतो का? गटात ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्यावर काही जबाबदारी येते का? वडील म्हणतात, सगळ्यांच्या फोनमधून आधी पुसून टाका. तेही मला चुकीचे वाटत नाही, म्हणून मी अडलो आहे.

कृष्णाकाठ

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि अशी प्रकरणे आता वरचेवर येतात, म्हणून सविस्तर लिहिते. सर्वांत आधी तुमच्या बहिणीला सांगा की ठाण्यात तिला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नाही.

'खोटे आहे म्हणजे फक्त बदनामी' हा तर्क मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. बदनामी हे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६. ते अदखलपात्र आहे, त्यामुळे तेवढेच कलम डोळ्यांसमोर ठेवले की एनसी लिहून मोकळे होता येते. पण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६७ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला किंवा पाठवणाऱ्याला शिक्षा सांगते आणि कलम ६७-अ लैंगिक कृती उघडपणे दाखवणाऱ्या मजकुराबद्दल सांगते. चित्रातले शरीर खरे असले पाहिजे, अशी अट या दोन्ही कलमांत कुठेही नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ६७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, तर ६७-अ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. त्याच अधिनियमाच्या कलम ७७-ब प्रमाणे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे दखलपात्र ठरतात, म्हणजे एनसीचा प्रश्नच उरत नाही.

हा फरक जामिनाच्या वेळीही आडवा येतो. तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा जामीनपात्र असतो, पाच वर्षांचा नसतो. नुसती नग्न छायाचित्रे असती तर ६७-अ लागू होते की नाही यावर वाद घालायला बचावपक्षाला जागा राहिली असती, पण तुमच्या प्रकरणात नऊ सेकंदांची चित्रफीत आहे. म्हणून फिर्यादीत 'अश्लील फोटो' असे मोघम न लिहिता चित्रफितीत काय दाखवले आहे ते बहिणीच्या शब्दांत, कितीही अवघड वाटले तरी, एका वाक्यात स्पष्ट लिहून घ्या. ते वाक्य नसेल तर बहुधा फक्त ६७ लागते.

ब्लॉक करण्याआधीचे आणि नंतरचे संदेशही तितकेच महत्त्वाचे आहेत. स्पष्ट नकार दिल्यावरही स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणे हा संहितेच्या कलम ७८ खालचा पाठलागाचा गुन्हा आहे. 'गावात तोंड दाखवता येणार नाही' ही कलम ३५१ खालची धमकी आहे. स्त्रीच्या चारित्र्यावर डाग लावण्याची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि धमकी देणाऱ्याने ओळख लपवली असेल तर कलम ३५१ (४) प्रमाणे आणखी दोन वर्षांपर्यंतची तरतूद आहे. याशिवाय लौकिकाला बाधा यावी म्हणून बनावट इलेक्ट्रॉनिक अभिलेख तयार करण्याबद्दल कलम ३३६ (४) आणि स्त्रीच्या लज्जेचा अवमान करण्याबद्दल कलम ७९ आहे. म्हणजे चित्र बनावट असणे हाच इथे एक वेगळा गुन्हा आहे.

कायद्यातल्या उणिवाही तुम्हाला ठाऊक असाव्यात, कारण समोरचा वकील त्यांवरच बोट ठेवणार आहे. अधिनियमाचे कलम ६६-ई आणि संहितेचे कलम ७७ ही खाजगीपणाची कलमे खऱ्या शरीराचे, खऱ्या क्षणाचे चित्रण गृहीत धरून लिहिलेली आहेत. ज्या शरीराचे चित्रण झालेच नाही, तिथे ती ओढूनताणून लावावी लागतात. त्यातही कलम ७७ फक्त स्त्रियांच्या बाबतीत आहे, त्यामुळे एखाद्या मुलाचे असे चित्र फिरले तर त्याला मुख्यतः माहिती तंत्रज्ञान अधिनियमावर भिस्त ठेवावी लागते. असे चित्र नुसते तयार करून स्वतःजवळ ठेवले आणि कुणालाच पाठवले नाही, तर प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत त्यासाठी थेट कलम नाही. माझ्या मते मुळातली अडचण अशी आहे की आपला कायदा 'हे अश्लील आहे का' असे विचारतो. 'तिची संमती होती का' हा प्रश्न त्याला नंतर सुचतो. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने प्रश्न संमतीचा मानला आणि जे चित्र त्या व्यक्तीचे असल्यासारखे भासते तेही त्यात घेतले. आपल्याकडे तसे होण्याची मी वाट पाहते आहे, पण आज हातात असलेली कलमे तुमच्या बहिणीसाठी पुरेशी आहेत.

आता एनसीचे काय करायचे ते सांगते. ठाण्याचा प्रमुख सहायक पोलीस निरीक्षक असेल तर 'हा तपास आमच्याकडे होत नाही' असे उत्तर मिळते, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा असे त्याच अधिनियमाचे कलम ७८ म्हणते. पण ही अट तपासाची आहे, गुन्हा नोंदवण्याची नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याला, गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र माहिती नोंदवून घ्यावी लागते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. तरीही नकार मिळाला तर सगळा तपशील लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानेही काम झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह कलम १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चित्रे उतरवण्याची मागणी तुम्ही भाऊ म्हणून नक्की करू शकता. २०२१ च्या मध्यस्थविषयक (म्हणजे समाजमाध्यम कंपन्यांसारख्यांना लागू असलेल्या) नियमांतील नियम ३ (२) (ब) मध्ये ती व्यक्ती 'किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही' तक्रार करू शकते असे म्हटले आहे आणि कृत्रिमरीत्या बदललेल्या चित्रांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. पूर्वी मजकूर हटवायला २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिताना हा नियम, प्रत्येक चित्राची स्वतंत्र लिंक आणि 'हे माझ्या बहिणीचे कृत्रिमरीत्या बनवलेले चित्र असून तिची संमती नाही' हे वाक्य, एवढे पुरे. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते.

संगणकशाखा

वकीलताईंनी कायद्याचे सांगितले, मी पुराव्याचे सांगतो. अशा प्रकरणांत माझे काम फोन आणि फायली तपासण्याचे असते. दादा, तुमच्या वडिलांची तळमळ मला समजते, पण एक संध्याकाळ थांबा. आधी पुसले आणि मग तक्रार केली, की तपास अधिकाऱ्याच्या हातात फक्त तुमचे सांगणे उरते.

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. दुसऱ्या फोनने किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगने सलग चित्रण करा. आधी चॅनेलचे मुख्य पान, मग सदस्यसंख्या, मग हळूहळू खाली येत ती पोस्ट, तिच्यावरची वेळ आणि शेवटी लिंक कॉपी करतानाची कृती, असे सगळे एका चित्रणात यावे. टेलिग्रामवर प्रत्येक पोस्टला स्वतःचा क्रमांक असतो आणि खात्याचे नाव बदलले तरी आतला अंकी ओळखक्रमांक बदलत नाही. तो टिपून ठेवा. इन्स्टाग्रामवरचे संभाषण बहिणीने कितीही किळस आली तरी पुसू नये. लग्नातला मूळ फोटो ज्याने काढला त्याच्या फोनमधून मूळ फाइलच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका, कारण तिथे फाइल आवळली जाते आणि तारीख, वेळ व कॅमेऱ्याचा तपशील निघून जातो. ओठावरच्या सावलीची जी खूण तुम्ही लिहिली आहे, ती मूळ फाइलशेजारी ठेवल्यावर न्यायालयाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल. शिवाय तो फोटो किती जणांकडे होता यावरून संशयितांची यादीही आकसते.

हे सगळे एका पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि प्रत्येक फाइलचा हॅश काढून कागदावर लिहा. हॅश म्हणजे फाइलचा अंकी ठसा. एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र देताना हा ठसा, फोनचा मेक, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) लागतात. प्रमाणपत्राचा पहिला भाग फोनच्या मालकाने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

आणि उशीर करू नका. हटवलेला मजकूर आणि त्याच्याशी संबंधित नोंदी कंपन्यांनी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवाव्यात असे नियम सांगतात. घरात महिनेच्या महिने विचार चालतो, ठाण्यात आणखी महिने जातात, आणि पत्र जाते तेव्हा त्या खात्यामागचा आयपी पत्ता कुणाकडेच उरलेला नसतो, असे मी पाहिले आहे.

पुरावा घेतल्यावर मात्र लगेच पुसायला लावा. व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेशही सर्वांसाठी हटवता येतो. बहिणीने स्वतःच्या फोनवरून स्टॉपएनसीआयआय या ब्रिटनमधल्या संस्थेच्या सेवेवर नोंद करावी. चित्र फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा अंकी ठसा जातो आणि सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तीच प्रत पुन्हा चढू देत नाहीत. कृत्रिम चित्रेही तिथे चालतात, मात्र वय १८ च्या वर हवे.

सदाफुली_७२

पुढे पाठवणाऱ्यांवर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ लावा, ते सर्वांत सोपे आहे. आमच्याकडे एका प्रकरणात तेच लावले होते.

कृष्णाकाठ

सदाफुली, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले आहे. फिर्यादीत ते आले तर आरोपीला आयतीच पळवाट मिळते, म्हणून कृपया कुणालाही सुचवू नका.

पुढे पाठवणाऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. कलम ६७ मध्ये 'प्रसिद्ध करणे' याच्याबरोबर 'पाठवणे' हाही शब्द आहे, त्यामुळे 'हे काय फिरते आहे ते बघा' असे लिहून पुढे ढकलणारा काकाही त्या कक्षेत येतो. अ‍ॅडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू दिसल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. म्हणून त्याला आरोपी करण्यापेक्षा साक्षीदार करा. गटात ते सर्वांत आधी कोणत्या क्रमांकावरून आले हे त्याचा फोन सांगू शकतो.

प्राजक्त_अंगण

मी माध्यमिक शाळेत शिकवते. हे वाचणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल तर वर लिहिलेले बरेच काही बदलते. पोक्सो कायद्यात (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेले, बदललेले, पण बालकाचे भासणारे चित्रही आले आहे, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७-ब तर असे चित्र तयार करणे, जमवणे आणि उतरवून घेणे यांनाही गुन्हा मानते. अशी घटना कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, त्यात आम्ही शिक्षकही आलो. आमच्या ओळखीतल्या एका शाळेत 'मुलांचे भविष्य खराब नको' म्हणून प्रकरण वर्गातच मिटवले गेले. ज्या मुलीचे चित्र होते तिने मात्र शाळा सोडली.

माळावरची

मला कायद्याबद्दल नव्हे, बहिणीबद्दल लिहायचे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच कार्यालयातल्या एकाने माझ्या बाबतीत असेच केले होते. तेव्हा मला सर्वांत जास्त त्रास त्या चित्राचा झाला नाही. ते चित्र आठ वेगवेगळ्या माणसांसमोर, प्रत्येक वेळी माझ्याच फोनवर, मला स्वतः उघडून दाखवावे लागले याचा झाला. प्रत्येक जण आधी चित्राकडे आणि मग माझ्याकडे बघायचा.

म्हणून दादा, एक करा. चित्रे बंद पाकिटात, पेनड्राइव्हमध्ये द्या आणि अर्जात 'पाकीट तपास अधिकाऱ्यानेच उघडावे' अशी विनंती लिहा. कलम ७९ लावले जाणार असेल तर माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, ते ठामपणे मागा. जबाबासाठी स्त्रीला तिच्या घराबाहेर बोलावता येत नाही, हेही मला फार उशिरा कळले. 'सखी' वन स्टॉप सेंटरमधून (अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र) सोबतीला कुणी मिळाले तर घ्या. आणि तुम्ही भाऊ म्हणून धावपळ जरूर करा, पण प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तिला विचारा. माझ्या घरच्यांनी सगळे माझ्यासाठी केले आणि मला न विचारता केले.

माझे प्रकरण कार्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीपुढे गेले होते. ज्यांचा त्रास देणारा सहकारी आहे त्यांनी लक्षात ठेवावे की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली तीन महिन्यांत तक्रार करावी लागते.

थोरला_भाऊ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुढचे लिहितो आहे.

माळावरच्या ताईंचा प्रतिसाद बहिणीने दोनदा वाचला आणि म्हणाली की फिर्याद मी स्वतः सांगणार. अधीक्षक कार्यालयाला टपालाने अर्ज पाठवल्यावर पाचव्या दिवशी फोन आला आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातून एक महिला उपनिरीक्षक घरी आल्या. चित्रफितीबद्दलचे ते एक वाक्य सांगताना बहीण थांबली. त्यांनी लेखणी खाली ठेवली, आईकडे पाणी मागितले आणि ती पुन्हा बोलेपर्यंत काही विचारले नाही. गुन्हा ६७, ६७-अ आणि संहितेच्या ७८, ७९, ३३६ (४), ३५१ या कलमांखाली नोंदला गेला. पाकीट बंदच घेतले. तपास निरीक्षकांकडे आहे आणि ९० दिवसांत प्रगती कळवावी लागते असे त्यांनी स्वतःच सांगितले.

मामेबहिणीच्या नवऱ्याने मूळ फाइल दिली. तो अल्बम ४१ जणांना पाठवला होता. ती यादी आम्ही दिली आहे. टेलिग्रामवरचे मूळ चॅनेल गेले, पण तीच चित्रे दुसऱ्या एका चॅनेलवर आणि एका अश्लील संकेतस्थळावर दिसली. दर वेळी नवी लिंक शोधण्यासाठी मला ती चित्रे पुन्हा पाहावी लागतात आणि हे किती दिवस करायचे ते कळत नाही.

कृष्णाकाठ

ते संकेतस्थळ शोधयंत्रात दिसते का, ते पाहा. दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये एक प्रकरण आले होते. त्यात एका मुलीचे समाजमाध्यमांवरचे साधे फोटो उचलून अश्लील संकेतस्थळावर टाकले होते, आणि न्यायालयाने शोधयंत्रांना ते जगभरातल्या शोधांतून काढायला सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने असेही म्हटले की पीडितेला दर वेळी नवी लिंक घेऊन दारोदार फिरायला लावू नये. कंपन्यांनी अंकी ठशावरून जुळणाऱ्या प्रती स्वतः शोधाव्यात. हे दोन्ही निकाल जोडून तपास अधिकाऱ्यांना आणि शोधयंत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आजच पत्र द्या. दाद मिळाली नाही तर अनोळखी प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो आणि दाव्यात बहिणीचे नाव उघड करू नये अशी विनंतीही करता येते.

लिंक शोधण्याचे काम काही दिवस तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी करावे. मसुदा तयार झाला की मला खाजगी संदेशात पाठवा, मी पाहून देते.

थोरला_भाऊ

पाठवतो, ताई. लिंकांचे काम आजपासून मामेबहिणीने घेतले आहे. बहिणीचा पाठ-निरीक्षणाचा तास सोमवारी आहे आणि ती जाणार आहे.